ट्रॅप-कॅमेऱ्यापुढें आमिष कोणतें ठेवावें?

प्रवरेच्या कांठच्या गांवांत ट्रॅप-कॅमेरा ही वस्तु आतां कोणास नवीन राहिलेली नाहीं. वीतभर उंचीची, झाडाच्या सालीच्या रंगाची ती पेटी खुंटास किंवा बाभळीस पट्ट्यानें बांधावी. पुढून ऊबदार अंगाचें जनावर हाललें कीं आंतील यंत्र जागें होतें व दिवसा असो वा रात्रीं असो, छायाचित्र आपोआप निघतें. वनखातें तो लावतें, प्राण्यांचे अभ्यासक लावतात, आणि किंमत उतरल्यापासून हौशी तरुण शेतकरीही लावूं लागले आहेत. पेटी बांधून झाली कीं पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हिच्यापुढें कांहीं खायला टाकायचें का?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचें उत्तर चुकल्यास मोजणी तर चुकतेच, शिवाय गोठ्यांतील जनावरही जातें. ही दुसरी गोष्ट आम्ही ऐकीव सांगत नाहीं.

आमची वस्ति संगमनेर तालुक्यांत नदीजवळ असून तिच्या तिन्ही बाजूंस ऊंस आहे. दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्ष महिन्यांत शेजारच्या वस्तीवरील दोन कुत्रे आठ दिवसांच्या अंतरानें नाहींसे झाले. गांवांतील तीन तरुण कोठून तरी दोन कॅमेरे मागून घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या विहिरीजवळच्या बांधावर लावतों. वाघ किती आहेत तें एकदां कळूं द्या." आमच्याकडे बिबट्यास वाघच म्हणतात. आम्हीं तत्काळ होकार दिला. महसूल खात्यांत बत्तीस वर्षें कारकुनी केलेल्या माणसास कसलीही मोजणी होत आहे म्हटलें कीं बरें वाटतें, हें त्याचें एक कारण. पोरांनीं कोंबडीच्या दुकानांतून पिसें, आंतडीं व मुंडकीं पोत्यांत भरून आणावीं व रोज सायंकाळीं कॅमेऱ्यापुढें टाकावीं, असा क्रम सुरू झाला. त्याच वेळीं आम्ही त्यांस थांबवावयास पाहिजे होतें. तें आम्हीं केलें नाहीं.

नवव्या दिवशीं कार्डावर बिबट्याचीं ४१ छायाचित्रें निघालीं. गांवांत बातमी पसरली ती "सात वाघ आहेत" अशी. सात हा आंकडा कोठून आला हें आजतागायत कोणास सांगतां आलेलें नाहीं. सभा झाली, पिंजऱ्यांची मागणी करणारा अर्ज झाला, ऊंसतोडीच्या टोळीनें फडांत उतरण्याचें नाकारलें, आणि मुलांना शाळेंत एकटें पाठविणें बंद झालें. आम्हीं तीं सर्व छायाचित्रें मोठीं करून घेतलीं व एका रात्रींत बसून त्यांची वांटणी केली: उजव्या कुशीचीं १९, डाव्या कुशीचीं १७, व ओळख न पटण्याजोगीं अस्पष्ट ५. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना माणसाच्या आंगठ्याच्या ठशाप्रमाणें प्रत्येकाची निराळी असते, आणि एकाच जनावराची उजवी व डावी कूसही सारखी नसते. एकोणिसांतील सर्व ठिपके एकमेकांशीं जुळले, सतरांतीलही जुळले, आणि दोन्ही कॅमेरे समोरासमोर असल्यामुळें कांहीं प्रसंगीं दोन्ही कुशी एकाच क्षणीं टिपल्या गेल्या होत्या, त्यावरून उजवी व डावी एकाच जनावराची हेंही ठरलें. सात नव्हेत, एक. एक मादी रोज जेवावयास येत होती.

आमिष त्याच दिवशीं बंद करविलें. परंतु लागलेली संवय आमिषाबरोबर बंद होत नाहीं. ती मादी त्याच वेळेस त्याच बांधावर येत राहिली. तेथें कांहीं मिळेना तेव्हां दोनशें पावलें पुढें आली, आणि पांचव्या सायंकाळीं आमच्या उघड्या गोठ्यांतील दीड वर्षांची कालवड तिनें मारली. पंचनाम्याच्या वेळीं बांधावरील पिसांचा ढीग पाहून जो प्रश्न विचारण्यांत आला त्याचें उत्तर आम्हांस नीट देतां आलें नाहीं. दुसऱ्यांचे पंचनामे नकलून काढण्यांत आमचें आयुष्य गेलें. स्वतःच्या पंचनाम्यांत मान खालीं घालण्याचा प्रसंग तो पहिलाच. तेव्हांपासून या विषयावर जें मिळेल तें वाचून व जाणत्यांस विचारून आम्हीं जी माहिती मिळविली तिचा सारांश पुढें देत आहों.

पहिली गोष्ट अशी कीं, आमिष निवडण्यापूर्वीं आपणांस काय जाणून घ्यावयाचें आहे हें ठरविलें पाहिजे. अमुक जनावर या शिवारांत आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें असेल तर आमिषाचा उपयोग होऊं शकतो. कारण एक छायाचित्र मिळालें तरी काम झालें. परंतु तीं किती आहेत हें पाहावयाचें असेल तर आमिष हें दुधारी शस्त्र आहे. पंगतीच्या दिवशीं गांवाची शिरगणती केल्यासारखा तो प्रकार होतो. शेजारच्या चार शिवारांतील जनावर वासानें एका ठिकाणीं येतें, आणि तीं सर्व आपल्याच शिवारांत राहतात असा समज होतो. शिवाय एकदां पोटभर मिळालें कीं तेंच जनावर रोज येतें, म्हणून छायाचित्रांची संख्या फुगते. आणि छायाचित्रांची संख्या म्हणजे जनावरांची संख्या नव्हे, हें तर आमच्या ४१ वरून दिसलेंच आहे. उलट बुजरें जनावर माणसाच्या हातच्या वासामुळें आमिषाकडे फिरकतच नाहीं, म्हणजे तें मोजणींतून अजिबात गळतें.

यासाठींच वाघ व बिबटे यांच्या मोठ्या मोजण्यांत आमिषावर भिस्त ठेवीत नाहींत, वाटांवर ठेवतात. या कामाची परंपरा आपल्या देशांत बरीच जुनी आहे. एफ्. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्यांनीं संयुक्त प्रांतांत १९२० नंतरच्या दशकांत जंगलच्या वाटेवर तार आडवी बांधून, वाघाच्या पायानेंच कॅमेऱ्याची कळ दाबली जाईल अशी योजना करून छायाचित्रें घेतलीं व १९२७ सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. पुढें डॉ. उल्हास कारंत यांनीं कर्नाटकांत नागरहोळे येथें पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या गणितानें काढण्याची रीति रूढ केली. तिजवरील त्यांचा लेख १९९५ सालचा आहे. गणिताचें तत्त्व तळ्यांतील मासे मोजण्यासारखेंच आहे: आज धरलेल्या माशांवर खूण करून सोडावें, उद्यां पुन्हा जाळें टाकावें, व खुणेचे किती परत आले यावरून एकंदर अंदाज काढावा. येथें खूण निसर्गानेंच केलेली असते. सन २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावण्यांत आले व जवळजवळ साडेतीन कोटि छायाचित्रें मिळालीं. त्यांत बिबट्यांचीं ५१,७७७ होतीं. एवढ्या मोठ्या कामांतही कॅमेऱ्याची जागा ठरली ती पाऊलखुणा, विष्ठा व झाडावरील नखांचे ओरखडे पाहून.

आमच्या वाचकांस अधिक जवळचें उदाहरण अकोलें तालुक्याचें आहे. डॉ. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं तेथील खोऱ्यांत सुमारें १७९ चौरस किलोमीटर क्षेत्रांत कॅमेरे लावून जी पाहणी केली ती २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. हें क्षेत्र अभयारण्य नव्हे. ऊंस, बाजरी, भाजीपाला, वस्त्या व रस्ते यांनीं भरलेला मुलूख असून तेथें चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसें राहतात. हरिण वगैरे मोठें रानटी भक्ष्य तेथें नाहीं. तरीही शंभर चौरस किलोमीटरांत सरासरी ४·८ प्रौढ बिबटे व जवळजवळ तितकींच, म्हणजे ५ तरसें, असा हिशोब निघाला. त्याच कॅमेऱ्यांनीं कोल्हा, खोकड, रानमांजर व वाघाटी हींही टिपलीं. वाघाटी म्हणजे रानमांजरांतील सर्वांत लहान जात. ती आपल्या ऊंसांत राहते हें पुष्कळ शेतकऱ्यांस ठाऊकही नसेल, कारण पाहणारा तिला घरमांजराचें पिलूं समजतो.

त्याच अभ्यासकांनीं बिबट्याची विष्ठा तपासून त्याच्या आहाराचाही हिशोब काढला, आणि आमिषाच्या प्रश्नावर आमच्या मतें सर्वांत अधिक प्रकाश तोच पाडतो. बिबट्याच्या खाद्याच्या एकंदर वजनांत ८७ टक्के पाळीव जनावरें निघालीं, आणि त्यांत एकट्या कुत्र्यांचा वांटा ३९ टक्के होता. शेळ्या त्या भागांत कुत्र्यांच्या सुमारें सातपट असूनही त्यांचा वांटा केवळ ११ टक्के भरला. कारण शेळी रात्रीं कोंडली जाते, कुत्रा मोकळा असतो. म्हणजे आपल्या गांवांत बिबट्यास आमिष कोणी मुद्दाम ठेवण्याची वाटच पाहावी लागत नाहीं. वस्तीमागील उकिरडा, मेलेली कोंबडी फेंकण्याचा ओढा, लग्नानंतरच्या पत्रावळींचा ढीग, आणि त्यांवर पोसलेलीं मोकाट कुत्रीं, हेंच बारमाही आमिष होय. ज्यास बिबट्याचें छायाचित्र हवें असेल त्यानें नवें आमिष न टाकतां, या ठिकाणाकडे जाणारी वाट शोधून तीवर कॅमेरा बांधावा. ओढ्याचें पात्र, पाटाच्या कडेचा गाडीरस्ता, दोन फडांमधील पट्टी, यांवरून बिबट्या जातो. नुकत्याच भरणें दिलेल्या शेताच्या कडेस ठसे स्वच्छ उमटतात. अशा वाटेपासून दहाबारा फूट अंतरावर, जमिनीपासून दीड ते दोन फूट उंचीवर, दोन्ही बाजूंस समोरासमोर एकेक कॅमेरा असावा. तोंड पूर्वपश्चिम करूं नये, उगवत्या व मावळत्या उन्हानें यंत्र फसतें. समोरचें गवत कापावें. नाहीं तर वाऱ्यानें हालणाऱ्या पात्यांचींच हजार छायाचित्रें पदरीं पडतात. वैशाखाच्या दुपारीं हवा जनावराच्या अंगाइतकी तापली म्हणजे यंत्रास दोहोंतील फरक कळत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

आमिषाच्या विरुद्ध एवढें लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मादागास्कर बेटांत उदमांजराच्या जातीच्या एका प्राण्याची मोजणी आमिषावांचून व कोंबडीचें आमिष ठेवून अशा दोन्ही रीतींनीं केली असतां, आमिषामुळें संख्येच्या अंदाजांत दोष आला नाहीं, उलट अंदाज अधिक नेमका झाला, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. झिंबाब्वे देशांत बिबट्यांवर झालेल्या अशाच तुलनेंत (२०१४) आमिषाच्या ठिकाणीं छायाचित्रें पुष्कळ अधिक मिळालीं व संख्येचा अंदाज अधिक भरंवशाचा ठरला. तेव्हां आमिष ठेवणें म्हणजे अशास्त्रीय, असें सरसकट म्हणतां येणार नाहीं. पण त्या दोन्ही ठिकाणीं सर्व जागीं एकच आमिष एकाच पद्धतीनें होतें, हिशोब करणारे गणिती होते, आणि मुख्य म्हणजे तें रान होतें. झिंबाब्वेंतील बिबट्या आमिष खाऊन रानांत परतला. आमचा बिबट्या दोनशें पावलांवरील गोठ्यांत शिरला. परदेशच्या प्रयोगाचा निष्कर्ष आपल्या फडांत आणतांना ही दोनशें पावलें विसरतां कामा नयेत.

जिवंत आमिषाविषयीं एकच वाक्य पुरे: कॅमेऱ्यापुढें शेळी किंवा कुत्रा बांधूं नये, तें क्रूर आहे, धोक्याचें आहे, आणि त्यापासून मोजणीस कांहीं लाभ नाहीं. वनखात्याच्या पिंजऱ्यांत मागच्या कप्प्यांत शेळी किंवा कोंबडी ठेवतात तो प्रकार निराळा. तेथें हेतु पकडण्याचा असतो व तो अधिकाऱ्यांच्या हुकुमानें होतो. पण पकडण्याचेंही एक वर्म आहे. आमिषास जो आला तोच गुन्हेगार, असें कोण सांगणार? जुन्नर भागांत २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे धरून दूर सोडण्यांत आले. त्यापूर्वीं तेथें वर्षास सरासरी ४ माणसांवर हल्ले होत, ते पुढें १७ वर गेले, असें त्या प्रकरणाच्या अभ्यासांत आढळलें. पकडलेल्याची जागा दुसरा घेतो, आणि परमुलखांत सोडलेला भांबावून जातो. म्हणून छायाचित्रांच्या चुकीच्या मोजणीवरून पिंजऱ्यांसाठीं अर्ज करणें ही निरुपद्रवी गोष्ट नव्हे. सात वाघांचा अर्ज आमच्याच गांवानें केला होता, व त्याची शुद्ध नक्कल आमच्याच अक्षरांत आहे.

आतां वासाचें आमिष. यांत खाण्यास कांहीं न देतां केवळ वासानें जनावर क्षणभर कॅमेऱ्यापुढें उभें करावयाचें असतें. पोट भरत नाहीं, सबब रोज येण्याची संवय लागण्याचा संभव कमी. हा याचा मोठा गुण होय. अमेरिकेंत कोल्ह्याच्या जातीच्या प्राण्यांच्या पाहणीसाठीं कुजक्या चरबीसारखा वास असलेल्या आम्लांत भिजविलेल्या प्लॅस्टरच्या चकत्या वापरीत. प्रत्येक चकतीचा वास सारखा, त्यामुळें एका जागेची दुसरीशीं तुलना करतां येते. तिकडचे जुने फांसेपारधी आपला हिंगही या कामीं वापरीत, हें वाचून आमच्या घरांत बराच विनोद झाला. युरोपांत रानमांजराचे केस मिळविण्यासाठीं आपल्या तगराच्या जातीच्या वनस्पतीचा अर्क लांकडी खुंटीस चोळतात. मांजर येऊन अंग घासतें. आणि अत्तराची गोष्ट तर वर्तमानपत्रांतून आपण सर्वांनीं वाचली आहे. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स प्राणिसंग्रहालयांत २००३ सालीं चित्त्यांपुढें चोवीस अत्तरें ठेवून पाहिलीं, तेव्हां 'ऑब्सेशन फॉर मेन' या कॅल्विन क्लाइन कंपनीच्या अत्तरापाशीं ते सर्वांत अधिक वेळ, सुमारें अकरा मिनिटें, रेंगाळले. पुढें ग्वाटेमालाच्या जंगलांत जॅग्वार कॅमेऱ्यापुढें उभा राहावा म्हणून तें वापरण्यांत आलें. आणि २०१८ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवडा भागांतील टी-१ उर्फ अवनी वाघिणीच्या शोधांतही तेंच शिंपडण्यांत आलें. ती वाघीण २ नोव्हेंबर १९१८ नव्हे, २०१८ रोजीं गोळीनें मेली. (आमच्या लेखणीस जुन्या शतकाची संवय अजून सुटत नाहीं.) बाटलीच्या किंमतींत एक पोतें पेंड येते, तेव्हां शेतकऱ्यानें या नादीं लागावें असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु उग्र, टिकाऊ व पोट न भरणारा वास हें तत्त्व घेण्याजोगें आहे.

आपल्याकडे त्या तत्त्वास सर्वांत जवळची वस्तु आठवड्याच्या बाजारांत मिळते: सुके बोंबील किंवा सुकट. तरस, कोल्हा, रानमांजर, उदमांजर, मुंगूस या सर्वांस मासळीचा वास ओढतो. मूठभर सुकट बारीक जाळीच्या डबींत घालून डबी तारेनें खुंटास गच्च बांधावी व खुंट जमिनींत हातभर ठोकावा. वास येतो, पण तोंडांत कांहीं पडत नाहीं. जाळी नसल्यास पहिल्याच रात्रीं गांवचें कुत्रें सर्व खाऊन जातें आणि पुढील आठवडाभर कार्डावर त्याचेंच दर्शन घडतें. कुत्र्यांची ही अडचण केवळ गैरसोयीची नाहीं; पिसाळीचा व इतर रोगांचा संसर्ग कुत्र्यांकडून रानटी जनावरांस होतो, आणि एका तुकड्यावर दोघांचीं तोंडें लागणें हा त्याचा सोपा मार्ग आहे. कोंबडीचा टाकाऊ भाग या कारणानेंही वर्ज्य समजावा. पावसाळ्यांत सुकट दोन दिवसांत किडते. तेव्हां हा उद्योग दिवाळीनंतर करावा हें बरें.

रानडुक्कर, सायाळ, ससा वगैरे पिकांचा नाश करणाऱ्या जनावरांसाठीं मका, भुईमूग, गूळ असें कांहीं ठेवण्याची प्रथा आहे. परदेशांत उंदरांच्या जातीच्या लहान प्राण्यांसाठीं शेंगदाण्याचा लगदा व ओट धान्य यांचे गोळे करतात. आमच्या अनुभवानें गुळाचें आमिष पहिल्या तासांत मुंगळ्यांचें होतें. आणि डुकरास आमिष कशाला? ज्या कडेनें तें काल शिरलें तेथेंच तें पुन्हा येतें. बांधावरील कुंपणाखालची वाट बघून कॅमेरा लावावा. गुळांत किंवा कणकेंत स्फोटक दारू घालून डुकरें मारण्याचा जो अघोरी प्रकार कांहीं ठिकाणीं चालतो, त्यांत गाई-बैलांचे जबडे फुटतात. त्याचा मोजणीशीं संबंध नाहीं. परंतु "आमिष" हा शब्द निघाला कीं ती कल्पना कोणाच्या तरी डोक्यांत येते, म्हणून लिहिलें.

मेलेलें जनावर ओढून नेऊन त्यावर कॅमेरा रोखणें ही रीति तरसासाठीं उत्तम, असें ऐकण्यांत येतें. आणि तरस येतेंही. परंतु तें ढोर कशानें मेलें हें पाहिलें पाहिजे. दुखण्यावर त्यास डायक्लोफिनॅक हें औषध टोंचलेलें असेल तर त्याचें मांस गिधाडास विष होतें. भारतांतील गिधाडांच्या तीन जाती या एका कारणानें दशकभरांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या, आणि २००६ सालीं जनावरांसाठीं तें औषध बंद करण्यांत आलें. २०२३ सालीं केटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. माणसांच्या औषधाची कुपी गुरांस टोंचणारे अजून भेटतात. ज्या ढोरास मरणापूर्वीं कोणतेंही इंजेक्शन झालें असेल तें पुरावें, उघड्यावर टाकूं नये. आणि बिबट्यानेंच मारलेलें जनावर असेल तर पंचनामा होईपर्यंत तें जागचें हालवूं नये, मग छायाचित्राचा मोह कितीही होवो. भरपाईचा अर्ज त्यावर अवलंबून असतो.

जिल्ह्याच्या दक्षिण भागाची गोष्ट वेगळी आहे. कर्जत, जामखेड, श्रीगोंदें, पारनेर इकडे फाल्गुनापासून पाणी हेंच सर्वांत प्रबळ आमिष. कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीचें काळविटांचें अभयारण्य १९८० सालचें. तेथील काळवीट असोत वा माळावरील लांडगे व खोकडें असोत, कडक उन्हाळ्यांत पाण्यावर यावेंच लागतें. वैशाखी पौर्णिमेस पाणवठ्यावर मचाणावर बसून जनावरें मोजण्याची वनखात्याची जुनी चाल याच तत्त्वावर होती. आतां ती मोजणी म्हणून नव्हे, तर निसर्ग पाहण्याची संधि म्हणून चालते, कारण एकच जनावर एका रात्रींत दोन पाणवठ्यांवर मोजलें जाणें अशक्य नाहीं. शेतकऱ्यास मात्र हा मार्ग सोयीचा आहे. शेततळ्याची किंवा हौदाची गळती जेथें सांचते तेथें कॅमेरा बांधावा; कांहीं टाकावें लागत नाहीं, कांहीं बिघडत नाहीं. पाण्यापासून वस्ति दूर असावी एवढेंच.

कायद्याची बाजू आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते, आणि ती आमच्या गांवांत कोणासच ठाऊक नव्हती, आम्हांसही नव्हती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यांतील दुसऱ्या कलमांत "शिकार" या शब्दाची जी व्याख्या आहे तींत मारणें व विष घालणें एवढेंच नाहीं. पकडणें, फांसे लावणें, हांकणें व आमिष दाखविणें आणि त्याचा प्रत्येक प्रयत्न यांचाही समावेश आहे. बिबट्या पहिल्या अनुसूचींत आहे. म्हणजे आमच्या बांधावर पिसें टाकणारीं तीन पोरें, व "टाका" म्हणणारे आम्ही, हेतु कितीही चांगला असला तरी व्याख्येच्या उंबरठ्यावर उभे होतों. शास्त्रीय अभ्यासासाठीं परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांस आहे. स्वतःच्या जमिनींत नुसता कॅमेरा लावणें निराळें. पण खाद्य ठेवावयाचें असेल तर प्रथम वनक्षेत्रपालांच्या कचेरींत लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घ्यावी. तोंडी "चालेल" यावर विसंबूं नये. पोंच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज, हें बत्तीस वर्षांत आम्हीं इतक्या वेळां पाहिलें आहे कीं त्याविषयीं अधिक लिहिण्याची गरज वाटत नाहीं.

परवानगीनें वासाचें आमिष वापरावयाचें ठरलें तर त्याची नोंदवही ठेवावी. कोणत्या दिवशीं, कोणत्या खुंटास, किती वजनाची सुकट बांधली, केव्हां बदलली, पाऊस पडला कीं नाहीं, एवढे रकाने पुरेत. दहा ठिकाणें असतील तर पांचांवर डबी बांधावी व पांच तशींच ठेवावीं. पंधरा दिवसांनीं उलट करावें. असें केल्याखेरीज, आलेलें जनावर डबीमुळें आलें कीं तसेंही येणारच होतें, हें कळण्याचा मार्ग नाहीं. आम्हीं गेल्या वर्षीं पौष-माघांत परवानगी घेऊन वस्तीपासून दूर, नदीच्या पात्राकडे चार ठिकाणीं याप्रमाणें करून पाहिलें. रानमांजर व मुंगूस यांस डबीचा फरक पडला, कोल्ह्यास थोडा, बिबट्यास मुळींच नाहीं. तो डबी असलेल्या व नसलेल्या दोन्ही वाटांनीं सारख्याच बेपर्वाईनें गेला. चार ठिकाणांवरून सिद्धांत काढावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दुसऱ्या तालुक्यांतील कोणी वाचक असाच तक्ता ठेवतील तर दोन्ही पडताळून पाहतां येतील.

काम संपल्यावर डबी, तार व खुंट काढून आणावेत आणि उरलेली सुकट वस्तीपासून लांब हातभर खड्ड्यांत पुरावी. आमच्या विहिरीजवळच्या बांधावर आतां कांहीं टाकीत नाहीं. गोठ्यास जाळीचें दार बसविलें आहे, आणि कॅमेरा पाटाच्या वळणावर बांधला आहे. उजव्या कुशीवर कानामागें तीन ठिपके जोडलेली तीच मादी महिन्यांतून दोनतीनदां तेथून जाते. गेल्या कार्तिकांत तिच्यामागें एक पिलूं होतें.